जाळीला साक्षीला बोलावू नये

कारखान्यात अपघात झाला की पहिल्या पाच मिनिटांत तिथे दोन प्रकारची माणसे पोहोचतात. एक विचारतो, "कोण होता?" दुसरा विचारतो, "जाळी कुठे आहे?" यांतला पहिला माणूस व्यवहारी, समजूतदार आणि बढतीला पात्र असतो. दुसऱ्याची लग्नपत्रिकासुद्धा कोणी नीट वाचत नाही. प्रस्तुत लेख पहिल्याच्या गौरवार्थ आहे.

"कोण होता?" या प्रश्नाची थोरवी अशी की त्याला उत्तर असतेच, आणि ते जागेवर मिळते. हेल्पर होता. ठेकेदाराचा होता. नवाच लागला होता. सलग दुसरी पाळी करत होता. मोबाईल बघत असावा, असे कोणीतरी म्हणतो. घरी काहीतरी टेन्शन होते म्हणे, असे आणखी कोणी म्हणतो. बघता बघता अपघाताला नाव, गाव, वय आणि स्वभाव मिळतो. जखमीला घेऊन गेलेली गाडी परत यायच्या आत चौकशी आटोपलेली असते, आणि यंत्र पुन्हा चालू होते.

जाळीचे तसे नाही. जाळीला स्वभाव नसतो, घरचे टेन्शन नसते, ती मोबाईल बघत नाही. ती यंत्रावर असते किंवा नसते. असली तर तिचे चारही बोल्ट असतात किंवा दोनच असतात. नसली तर ती कोणी काढली, कधी काढली, कोणाच्या देखत काढली आणि मग परत का बसवली नाही, अशा प्रश्नांची माळ लागते. या माळेचा एक वाईट गुण आहे: तिचा प्रत्येक मणी शॉप फ्लोअरवरून निघतो आणि जिना चढून वर जातो. वर एसी असतो, पाहुणे बसलेले असतात. अशा ठिकाणी तेलकट प्रश्न पाठवणे शिष्टाचाराला धरून नाही.

तरीही असे प्रश्न पाठवणाऱ्यांचा एक पंथच आहे आणि तो परदेशातून आलेला आहे, हे वाचकांना सांगून ठेवतो. अमेरिकेत जेम्स गिब्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1961 मध्ये असे मांडले की इजा होणे म्हणजे शरीराला सोसवणार नाही एवढी ऊर्जा शरीरात शिरणे. मग ती पडण्याची असो, उष्णतेची असो, विजेची असो की रसायनाची. विल्यम हॅडन नावाच्या डॉक्टरने ही कल्पना उचलली. हा गृहस्थ तिथल्या सरकारच्या रस्तासुरक्षा खात्याचा पहिला प्रमुख. त्याने ऊर्जा आणि माणूस यांच्या मध्ये काय काय करता येईल याचे दहा मार्गच मांडून ठेवले: ऊर्जा निर्माणच करू नका, केली तर थोडी करा, सुटू देऊ नका, सुटली तर माणसापासून दूर ठेवा, मध्ये भिंत घाला, असे उतरत्या क्रमाने. पुढे 1973 मध्ये विल्यम जॉन्सन यांनी तिथल्या अणुऊर्जा आयोगासाठी तपासाची एक सविस्तर पद्धतच लिहून दिली. तिचा गाभा अगदी साधा आहे. कोणती ऊर्जा लागली ते आधी ठरवा. तिच्या वाटेत कोणकोणते अडथळे असायला हवे होते ते लिहा. मग एकेका अडथळ्यापुढे उभे राहून विचारा: हा होता का? होता, तर चालला का? चालू स्थितीत होता, तर त्याला बाजूला कोणी सारले?

वरवर पाहता यात आक्षेपार्ह काही नाही, आणि धोका इथेच आहे. अडथळा नव्हता असे निघाले, की खरेदी विभागात पडून राहिलेले कोटेशन बाहेर येते. होता पण चालला नाही असे निघाले, की मेंटेनन्सच्या वहीत "पुढच्या बंदच्या दिवशी" असा शेरा सापडतो, आणि त्यानंतर बंदचे किती दिवस आले ते मोजावे लागते. बाजूला सारला होता असे निघाले, तर रोज त्या यंत्रापुढून जाणाऱ्या सुपरवायझरच्या, मॅनेजरच्या आणि कधीतरी मालकाच्याही दृष्टीचा प्रश्न येतो; आणि वर्षातून एकदा डोळे तपासण्याचा कार्यक्रम तर फक्त कामगारांसाठी असतो.

उदाहरण म्हणून पॉवर प्रेस घेऊ. भोसरी, चाकण, वाळूज या भागांत दिवसरात्र जो ठोक ठोक आवाज ऐकू येतो, त्यातला बराचसा या यंत्राचा. खाली डाय, वर रॅम. मध्ये पत्र्याची पट्टी ठेवायची, पायाने पेडल दाबायचे, रॅम खाली येतो आणि गाडीचा एखादा सुटा भाग तयार होतो. पीस काढायचा, पट्टी सरकवायची, पुन्हा पेडल. रॅम काही टनांच्या जोराने येतो आणि खाली पत्रा आहे की तर्जनी, यात तो भेदभाव करत नाही. समतेचे असे आचरण अन्यत्र विरळाच.

आता या यंत्राभोवती शहाण्यासुरत्या इंजिनिअरांनी काय काय उभे केले आहे पाहा. स्थिर जाळी: तिच्या फटीतून पत्रा जातो, बोट जात नाही. दोन हातांची बटणे: दोन्ही एकदम दाबली तरच रॅम हलतो, म्हणजे त्या क्षणी दोन्ही हात बटणांवरच असतात. प्रकाशाचा पडदा: हात मध्ये आला की किरण तुटतो आणि प्रेस जागच्या जागी थांबतो. मनगटाला बांधायचे पट्टे: रॅम खाली येऊ लागला की तेच हात मागे खेचतात. पेडलवरचे लोखंडी झाकण: वरून एखादा पीस पडला तरी पेडल दबत नाही. लांब चिमटा आणि चुंबकाची काठी. आणि सगळ्यात अरसिक उपाय म्हणजे पीस आपोआप आत जाईल आणि आपोआप घरंगळत बाहेर पडेल अशी घसरण, म्हणजे हाताने आत जायचे कारणच उरत नाही.

या एकेका उपायामागे कोणाची तरी वर्षे गेली असतील. ती आपल्याकडे एका दुपारी निकालात निघतात. दोन बटणांपैकी एकात लाकडी पाचर ठोकली की एक हात मोकळा होतो, आणि मोकळा हात डायमध्ये उपयोगी पडतो. (हल्लीची काही बटणे एवढी हट्टी आहेत की दर स्ट्रोकनंतर दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक देत नाहीत. असे पॅनल घेऊच नये, ते महागही पडते.) प्रकाशाचा पडदा वारंवार प्रेस थांबवतो, म्हणून पॅनलमध्ये वीतभर वायरचा जंपर टाकला जातो. किरण आता नुसतेच चमकतात. मशीन शॉपला त्यामुळे रौनक येते. दरवाजाच्या इंटरलॉकवर चुंबक चिकटवला की दार उघडे असूनही यंत्राला ते बंद वाटते. लिमिट स्विच केबल टायने दाबून बांधला की तो कायमचा समाधानी राहतो. मनगटाचे पट्टे खिळ्याला टांगले की कॅलेंडर अडकवायची सोय होते. आणि एमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागे गेले की चुकून कोणाचा धक्का लागून उत्पादन थांबण्याची भीती उरत नाही. आपल्या तरुणांकडे कौशल्य नाही अशी ओरड करणाऱ्यांनी एकदा पॅनलचे दार उघडून आत पाहावे. एका पैशाचे सामान न मागवता, ड्रॉइंग नसताना, रात्रपाळीच्या उजेडात केलेले हे काम आहे.

हे सारे का केले जाते, याचे उत्तर साधे आहे आणि त्यात कोणाचाही दुष्टपणा नाही. जाळीतून पट्टी सरकवायला आणि चिमट्याने पीस उचलायला एका पीसमागे समजा दोनच सेकंद जास्त लागले, तर दोन हजार पीसांमागे एक तास सहा मिनिटे गेली. टार्गेट ठरवताना ही सहासष्ट मिनिटे कोणी धरलेली नसतात. मग ती कुठून तरी आणावी लागतात. जाळी काढली की नेमकी तेवढी मिळतात. टार्गेट लावणाऱ्याने जाळी काढा असे कधीच सांगितलेले नसते. तो फक्त संध्याकाळी आकडा विचारतो. जाळी आपोआप उतरते. झाडावरून पिकले फळ पडावे तशी.

इथे कोणी अशी शंका काढील की कारखान्यात अडथळे टिकतच नाहीत. हे धादांत खोटे आहे. गेटवरची झडती पाहा. पाळी सुटल्यावर डबा उघडून दाखवावा लागतो, पिशवी उलटी करावी लागते, खिसे चाचपले जातात. यात सहासष्ट मिनिटांहून अधिक वेळ जात असेल, पण गर्दी झाली म्हणून झडतीला जंपर टाकल्याचे कधी ऐकले आहे काय? स्क्रॅपच्या आवाराचे कुंपण पाहा. तांब्याची वायर ठेवतात त्या खोलीचे दार पाहा. त्याला दोन कुलुपे असतात, दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात, आणि एक माणूस रजेवर असला तर दार उघडतच नाही. टू-हँड कंट्रोलचे याहून शुद्ध रूप कोणते? या अडथळ्यांची तपासणी रोज होते, तुटले तर त्याच दिवशी दुरुस्त होतात आणि उत्पादनाच्या आड येतात अशी तक्रार कोणी करत नाही. मालाला ऊर्जा लागू नये यासाठी जे करायचे ते सगळे केले जाते. तेव्हा अडथळा कसा टिकवावा हे आम्हाला कळत नाही, असा आरोप कृपया करू नये.

या परंपरेलाही इतिहास आहे. न्यू यॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात कामगार मुली परस्पर बाहेर पडू नयेत आणि बाहेर पडताना त्यांच्या पिशव्या तपासता याव्यात, म्हणून एका बाजूचे दार कुलूपबंद ठेवत. 25 मार्च 1911 रोजी तिथे आग लागली आणि 146 माणसे गेली. अडथळ्याने त्या दिवशी आपले काम चोख बजावले, हे मान्य करावेच लागेल. मालकांवर खटला झाला, ते निर्दोष सुटले. दोन वर्षांनी त्यांतल्याच एकाच्या नव्या कारखान्यात पुन्हा दार कुलूपबंद सापडले आणि त्याला 20 डॉलर दंड झाला. तत्त्वनिष्ठा म्हणतात ती हीच.

आपला कायदाही याबाबतीत अगदीच मुका नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमातल्या कलम 21 ने यंत्राच्या धोकादायक भागांना मजबूत कुंपण घालायला सांगितले, आणि ते भाग फिरत असताना हे कुंपण सतत सुस्थितीत आणि जागेवर असले पाहिजे, असेही लिहिले. यातले "फिरत असताना" हे शब्द बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटले असावेत, कारण जाळी यंत्रावर सर्वांत पक्की बसलेली दिसते ती सहसा ऑडिटच्या दिवशी आणि यंत्र बंद असताना. त्याच कायद्याचे कलम 111 कामगाराला बजावत असे की सुरक्षेच्या साधनांत मुद्दाम ढवळाढवळ करू नकोस. ही दोन्ही कलमे वाचायची असत, फक्त आवाजात फरक ठेवायचा: 111 मोठ्याने, 21 मनातल्या मनात.

शिक्षेचेही गणित कसे दयाळू होते पाहा. सुरक्षेच्या तरतुदी मोडल्यामुळे मृत्यू झाला तर दंड 25,000 रुपयांपेक्षा कमी नको आणि गंभीर इजा झाली तर 5,000 रुपयांपेक्षा कमी नको, असे कलम 92 ने ठरवले. गंभीर इजा म्हणजे काय, हेही तिथेच स्पष्ट केले. हाड मोडले तर गंभीर. मात्र हातापायाच्या बोटाचे एखादेच हाड मोडले असेल तर नव्हे. कायदा करणाऱ्यांनी प्रेसवर काम केले नसेल, पण प्रेस चालवणाऱ्या मालकांची त्यांना बारीक काळजी होती.

आणि भरपाईचा तक्ता तर जपून ठेवण्यासारखा आहे. 1923 च्या भरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक अवयव गेल्याने कमाईची क्षमता किती टक्के घटते ते छापले होते. अंगठा 30. अख्खी तर्जनी 14. मधले बोट 12. अनामिका किंवा करंगळी 7. तर्जनीचे नुसते टोक गेले आणि हाड वाचले तर 5. अंगठा सोडून चार बोटे वेगवेगळी गेली तर बेरीज 40 होई. पण एकाच हाताची ही चारही एकदम गेली तर 50 टक्के मिळत. घाऊक घेतल्यावर भाव वाढतो असा बाजार आम्हाला तरी दुसरा ठाऊक नाही. हा तक्ता असताना जाळीची किंमत काढत बसणारा माणूस हिशेबाला कच्चाच म्हटला पाहिजे. जाळीची किंमत आपल्या खिशातून जाते. बोटाची किंमत बहुधा ईएसआयमधून, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यातून. ज्याच्या नावाचे कार्डच काढलेले नसते, त्याचे कार्ड अपघात झालेल्या दिवशी विलक्षण वेगाने निघते. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण तेवढ्या एका दिवसापुरती रद्द होते.

आता शास्त्राधार. माणसाकडे आधी बघावे हे मत काही आमचे घरगुती नाही. ट्रॅव्हलर्स या अमेरिकी विमा कंपनीतले हर्बर्ट हाइनरिक यांनी 1931 मध्ये पुस्तक लिहून सांगितले की 88 टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्याने होतात, 10 टक्के असुरक्षित परिस्थितीने आणि उरलेले 2 टक्के टाळता न येणारे. हा 88 चा आकडा आजही सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या दहा मिनिटांत येतो. तो ज्या कागदांवरून काढला त्यांत सुपरवायझरांनी लिहिलेले अपघात अहवाल होते, म्हणजे ज्याच्या देखरेखीखाली अपघात झाला त्यानेच कारण लिहिलेले होते. इतक्या जवळच्या माणसाची साक्ष कोण नाकारेल? त्याच हाइनरिक यांनी त्याच पुस्तकात यंत्रांना जाळ्या कशा बसवाव्यात यावरही पाने खर्ची घातली आहेत. पण ग्रंथ शेवटपर्यंत वाचण्याची आपल्याकडे पद्धत नाही, आणि 88 सुरुवातीलाच मिळून जातो.

हा आकडा हाताशी असला की अहवाल लिहिणे सोपे होते. "कारण" या रकान्यात: कामगाराचे दुर्लक्ष. "उपाययोजना" या रकान्यात: कामगारास समज देण्यात आली. ज्या अहवालांच्या सहवासात आमचे आयुष्य गेले, त्यांतला एक अजून लक्षात आहे. समज दिल्याचा कागद जोडलेला होता, त्यावर जखमीची सही होती, आणि ती डाव्या हाताने केलेली होती. कागदपत्रांच्या दृष्टीने प्रकरण परिपूर्ण होते. त्यात प्रेसबद्दल एकच वाक्य होते: यंत्र सुस्थितीत आहे.

खरे तर त्या प्रेसच्या क्लचची किल्ली झिजलेली होती आणि कधीकधी एकदाच पेडल दाबल्यावर रॅम दोनदा येत असे. ऑपरेटर त्याला डबल स्ट्रोक म्हणतात आणि त्याच्याशी जमवून घेतात. पहिला स्ट्रोक झाला की क्षणभर थांबायचे, मगच हात घालायचा. हे थांबणे कुठल्याही कागदावर नसते, पण सगळ्यांना माहीत असते. नव्याला माहीत नसते. म्हणून तो नवा, आणि म्हणून चूक त्याची.

परंतु माणसाकडे आधी बघण्याच्या या कलेचे सर्वोच्च शिखर पाहायचे असेल तर भोपाळला जावे लागते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात 610 क्रमांकाच्या टाकीत सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट साठवलेले होते. 1984 च्या 2 आणि 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री त्यात पाणी शिरले, आतले द्रव उकळू लागले आणि वायू शहरावर पसरला. हजारो माणसे मेली. जाळी कुठे आहे असे विचारणारा पंथ इथे वही घेऊन आला तर त्याला काय दिसते? टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा: काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली, तिच्यातले शीतकारक द्रव्य काढून घेतलेले. सुटलेला वायू कॉस्टिक सोड्याने धुऊन निरुपद्रवी करणारा स्क्रबर: स्टँडबायवर. उरलासुरला वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर: गंजलेला पाइप बदलायला काढलेला, म्हणून जोडणीच नाही. पाण्याचे फवारे: होते, पण वायू सुमारे 30 मीटर उंचीवरून बाहेर पडत होता आणि फवारे तेवढे वर पोहोचत नव्हते. गरज पडली तर माल वळवायला रिकामी ठेवायची राखीव टाकी: रिकामी नव्हती. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या नावाने एक चित्र प्रसिद्ध आहे: चीजच्या चकत्या ओळीने उभ्या, प्रत्येकीला छिद्रे, आणि सगळ्यांची छिद्रे एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. भोपाळला छिद्रे एका रेषेत यायची वाट पाहावी लागली नाही. चकत्याच काढून ठेवल्या होत्या.

अशा वेळी सामान्य बुद्धीचा माणूस गडबडला असता. कंपनी गडबडली नाही. 1988 मध्ये तिच्या सल्लागारांनी निष्कर्ष मांडला की नाराज झालेल्या एका कामगाराने मुद्दाम टाकीला पाण्याची नळी जोडली असणार. एक कामगार! शीतकरण, स्क्रबर, फ्लेअर, फवारे आणि राखीव टाकी एका बाजूला, आणि रबरी नळी हातात घेतलेला एक इसम दुसऱ्या बाजूला. आणि पारडे इसमाच्या बाजूने झुकले.

यावर पंथवाले एक खोचक प्रश्न करतात. ते म्हणतात, चला, मान्य. नळी त्यानेच जोडली असे धरू. पाणी कोणीतरी घातले किंवा कुठल्या तरी झडपेतून गळून आले, काहीही झाले असो. पण अडथळे असतात ते नेमके याचसाठी ना, की कोणाकडून चूक झाली, कोणी खोडसाळपणा केला, कोणाला डुलकी लागली, तरी पुढे मरण जाऊ नये? चुकणारा माणूस गृहीत धरूनच तर ते बांधलेले असतात. मग एका माणसाने काहीतरी केले हे शोधून काढल्यावर चौकशी संपते कशी? ती तर तिथे सुरू व्हायला हवी.

हा युक्तिवाद ऐकायला बरा आहे, आणि त्याचे उत्तर आम्हाला आजवर सापडलेले नाही. म्हणूनच तो ऐकून घेऊ नये असे आमचे मत आहे. त्याच्या नादी लागले तर प्रत्येक अपघातात दुर्लक्ष करणारा कामगार हा आरोपी न राहता केवळ सुरुवात ठरेल, आणि मग शीतकरण बंद करून वाचवलेल्या खर्चाची चर्चा निघेल. 2010 च्या जून महिन्यात, म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळानंतर, भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या सात भारतीय अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाबद्दल दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्यांना त्याच दिवशी जामीन मिळाला. निष्काळजीपणा वरच्या मजल्यापर्यंत पोहोचायला किती वेळ घेतो, हे यावरून दिसते. खालच्या मजल्यावर तो पाच मिनिटांत सापडतो.

लोखंडी अडथळ्यांविषयी एवढे बोलल्यावर कागदी अडथळ्यांची उपेक्षा करणे बरे नव्हे. दर वर्षी 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या 1966 मधल्या स्थापनेच्या स्मरणार्थ, कारखान्यांत शपथ घेतली जाते. घोषवाक्यांची स्पर्धा होते, रांगोळ्या घातल्या जातात, विजेत्याला टिफिन मिळतो. भिंतीवर पिवळ्या टोपीतला हसरा माणूस बोट वर करून उभा असतो. त्याची सगळी बोटे शाबूत असतात, कारण तो प्रेसवर नाही. जाळीपेक्षा हा फलक शतपट श्रेष्ठ आहे. तो उत्पादनाच्या आड येत नाही, त्याला बोल्ट लागत नाहीत, आणि अपघात झाल्यावर त्याच्याकडे बोट दाखवून सांगता येते की आम्ही तर लिहूनच ठेवले होते. हातमोज्यांचेही तेच. काही टनांच्या रॅमखाली सुती मोजा काय करतो असा कुत्सित प्रश्न विचारला जातो, आणि ड्रिल मशीनवर तर मोजा गुंडाळून हातच आत ओढला जातो असेही सांगतात. पण मोजा दिल्याची सही घेतलेली असते. मोजा हाताचे रक्षण करतो असा आमचा दावाच नाही. तो सही करणाऱ्याचे रक्षण करतो.

इतकी पक्की व्यवस्था असूनही कधीकधी भरतीच्या वेळी हलगर्जीपणा होतो. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून एक मुलगा लागला. नुकताच डिप्लोमा झालेला, आवाज खाली, "सर" म्हटल्याशिवाय बोलत नसे. अपघाताच्या चौकशी समितीत तरुण रक्त असावे म्हणून त्याला घेतले. पहिल्याच बैठकीत सगळे "कोण होता" यावर एकमताकडे येत असताना हा म्हणाला, "सर, त्या प्रेसची जाळी स्टोअरमध्ये आहे. टॅग लावलाय. बोल्टसुद्धा पिशवीत भरून ठेवलेत." बैठकीत शांतता पसरली. स्टोअरकीपरने अभिमानाने सांगितले की होय, रंगाला ओरखडाही येऊ दिलेला नाही. तो मुलगा थांबला नाही. जाळी कोणत्या तारखेला जमा झाली, जमा करण्याच्या स्लिपवर सही कोणाची, तेव्हापासून त्या प्रेसवर पाळीचे टार्गेट किती वाढले, असे त्याने एका कागदावर शेजारी शेजारी लिहून आणले होते. कोणावर आरोप केलेला नव्हता. नुसत्या तारखा होत्या. आरोप केला असता तर उत्तर देता आले असते.

समितीने त्याच्या अभ्यासूपणाचे कौतुक करून त्याला मोठी जबाबदारी दिली: कँटीन समिती. तिथे प्रेस नाही, रॅम नाही, डबल स्ट्रोक नाही. पोह्यात कढीपत्ता किती घालावा एवढाच वाद. महिनाभर सगळे शांत होते. गेल्या आठवड्यात त्याचा मेल आला. कणीक मळायच्या मशीनचे झाकण काढून मागच्या शेल्फवर ठेवलेले आहे, झाकण उघडल्यावर मोटर बंद करणारा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवलेला आहे आणि आचारी पीठ ढकलायला हात आत घालतात. तर झाकण कोणी काढले, असे त्याने अत्यंत नम्रपणे विचारले आहे. मेलची प्रत प्लांट हेडना पाठवली आहे. आता त्याला कुठे बदलावे यासाठी सोमवारी बैठक आहे. पार्किंग सुचवले गेले होते, पण तिथे गेटचा बूम बॅरिअर आहे.